बावीस टाके, दहा सेंटिमीटर

हार्बर मार्गावर रे रोड सोडले की शिवडीच्या आधी कॉटन ग्रीन लागते. मुंबईतला कापसाचा बाजार पूर्वी कुलाब्याच्या मोकळ्या जागेत भरत असे आणि गाठीही तिथेच रचलेल्या असत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा व्यापार पोर्ट ट्रस्टने समुद्रात भर घालून तयार केलेल्या शिवडीच्या जमिनीवर आला. स्थानकाजवळची कॉटन एक्स्चेंजची इमारत आणि आसपासची गोदामे त्या काळाची साक्ष देतात. १९२१ साली स्थापन झालेली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन आज कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने याच इमारतीतून काम करते.

इथे कापूस नुसता ‘चांगला’ म्हणून कधी विकला गेला नाही. गाठीतून नमुना काढायचा, चिमटीत तंतू ओढून त्याची लांबी पाहायची, रंग पाहायचा, कचरा किती आहे ते पाहायचे आणि मग भाव बोलायचा. पलीकडे लालबाग-परळच्या गिरण्यांत सूतही नंबराने ओळखले जाई: वीस काउंटचे, तीस काउंटचे, चाळीस काउंटचे. डोळ्यांना दोन सुते सारखी दिसली तरी तराजू आणि गज खरे काय ते सांगत.

मोजून मगच विश्वास ठेवण्याची ही सवय दोन सुयांवर विणणाऱ्यांनीही घ्यावी अशी आहे. स्वेटरच्या नमुन्यात सांगितलेली लोकर मिळत नाही म्हणून दुसरी आणली, टाके मात्र पुस्तकातल्याइतकेच घातले, आणि तयार झालेला स्वेटर अंगात तरी जात नाही किंवा खांद्यावरून उतरतो, हा अनुभव अनेक घरांत येतो. दोष हाताला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा गेजमध्ये असते.

गेज म्हणजे काय

दहा सेंटिमीटर रुंदीत किती टाके बसतात आणि दहा सेंटिमीटर उंचीत किती ओळी बसतात, हे सांगणारी आकड्यांची जोडी म्हणजे गेज. ब्रिटिश पुस्तकांत याच गोष्टीला टेन्शन म्हणतात. नमुन्याच्या सुरुवातीला ‘४ मिलिमीटरच्या सुयांवर, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणून २२ टाके व ३० ओळी = १० सेंटिमीटर’ असे वाक्य असते. पुढचा प्रत्येक आकडा या वाक्यावर उभा असतो. ११० टाके घाला असे लिहिले असेल, तर लिहिणाऱ्याने आधी ५० सेंटिमीटर रुंदी ठरवली, तिला दर सेंटिमीटरच्या २.२ टाक्यांनी गुणले आणि मग ११० हा आकडा छापला.

आता फरक किती पडतो ते पाहू. छातीचा घेर १०० सेंटिमीटर हवा आहे आणि पुढची-मागची बाजू मिळून २२० टाके आहेत. विणणाऱ्या व्यक्तीच्या हातून दहा सेंटिमीटरमध्ये २२ ऐवजी २० टाके बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटर घेर देतात. २४ बसत असतील तर घेर ९२ सेंटिमीटरांच्या जरा आतच येतो. दहा सेंटिमीटरमागे दोन टाक्यांचा फरक चाचणीसाठी विणलेल्या तुकड्यावर नजरेला जाणवतही नाही, पण अंगावर तो एका मापाहून मोठा होतो. मफलरला याने काही बिघडत नाही. स्वेटर, टोपी, हातमोजे आणि पायमोजे यांचे मात्र सगळेच बिघडते.

गेज तीन गोष्टींतून ठरते: सूत, सुई आणि विणणारा हात. हात प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणी धागा बोटावर दोनदा गुंडाळून घट्ट विणते, तर कोणी सैल सोडते. एकाच व्यक्तीचा हातही बांबूच्या सुयांवर आणि गुळगुळीत धातूच्या सुयांवर वेगळा चालतो. म्हणून नमुन्यात दिलेला सुईचा नंबर हा आरंभबिंदू समजायचा असतो. त्यातला पाळायचा आकडा टाक्यांचा.

टाक्यात किती धागा जातो

विणलेल्या कापडाचे माप कशावर अवलंबून असते, याचा शास्त्रीय अभ्यास ब्रिटनमधल्या होजिअरी संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर केला. पी. जे. डॉयल यांनी १९५३ मध्ये आणि त्यांच्या पाठोपाठ डी. एल. मंडेन यांनी १९५९ मध्ये साध्या सुलट-उलट विणीबद्दल एक महत्त्वाचा नियम मांडला. ताण निघून कापड स्वस्थ झाले की एका चौरस मापात किती टाके बसतील, हे मुख्यतः एका टाक्यात किती लांबीचा धागा गेला आहे यावर ठरते. टाक्यांची घनता या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. टाक्यातला धागा १० टक्क्यांनी वाढला, तर तेवढ्याच जागेतले टाके सुमारे १७ टक्क्यांनी घटतात.

सुई बदलली की गेज का बदलते, याचे उत्तर या नियमात मिळते. जाड सुईभोवती मोठा फास पडतो आणि त्यात जास्त धागा जातो. पण याच नियमात बदली लोकर घेणाऱ्यांसाठी एक धोकाही आहे. बारीक सूत जाड सुईवर विणून दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणता येतात. आकडा जुळतो, पण कापड जाळीसारखे विरळ होते, कोपरावर ताणते आणि धुतल्यावर आकार सोडते. जाड सूत बारीक सुईवर ओढून विणले तरी २२ टाके येतात, मात्र कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते. दोन्ही तुकडे पट्टीच्या परीक्षेत पास होतात आणि अंगावर नापास.

म्हणून लोकर बदलताना पहिला प्रश्न जाडीचा. नवे सूत मूळ सुताच्या जाडीच्या जवळ असेल, तरच त्याच गेजवर तसेच कापड मिळेल.

जाडी मोजायची कशी

सूत मऊ असते, बोटाखाली दबते, त्यामुळे त्याची जाडी थेट पट्टीने मोजता येत नाही. कापड गिरण्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. ठरावीक लांबीच्या सुताचे वजन करायचे, एवढेच. सुती धाग्याच्या इंग्रजी पद्धतीत ८४० यार्डांची एक लडी धरतात. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील तितका त्या सुताचा काउंट. २० काउंटच्या सुताच्या २० लड्या, म्हणजे १६,८०० यार्ड, एका पौंडात बसतात. काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. गिरणीत चाचणीसाठी रिळावर १२० यार्ड सूत गुंडाळून ते तोलत. या १२० यार्डांना ली म्हणतात आणि सात ली मिळून एक लडी होते.

कॉटन ग्रीनपासून काही किलोमीटरवर, माटुंग्याच्या अडेनवाला रोडवर, १९२४ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने कापसाच्या तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा सुरू केली. देशातल्या निरनिराळ्या भागांतला कापूस तिथे कातून पाहिला जाई आणि कोणत्या कापसापासून किती काउंटपर्यंतचे सूत निघू शकते हे ठरवले जाई. ही संस्था आज ‘सिरकॉट’ म्हणून ओळखली जाते. तिथल्या कामामागचे तत्त्व घरच्या विणकामालाही लागू पडते: लांबी आणि वजन एकत्र पाहिल्याशिवाय सूत कळत नाही.

विणकामाच्या गुंड्यावरच्या पट्टीवर हाच हिशेब सोप्या रूपात असतो: १०० ग्रॅममध्ये किती मीटर. मूळ नमुन्यातली लोकर १०० ग्रॅमला २२० मीटर भरत असेल, तर २०० ते २४० मीटरच्या दरम्यानचे त्याच जातीचे सूत शोधावे. ४०० मीटरवाले सूत फार बारीक पडेल. मात्र त्याचे दोन पदर एकत्र धरले तर १०० ग्रॅमला २०० मीटर होतात आणि ते कामाला येते. दोन पदरांनी जाडी दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होते, कारण वाढ धाग्याच्या छेदाच्या क्षेत्रफळात होते, व्यासात त्याचे वर्गमूळच उतरते.

अनेक गुंड्यांवर मीटरचा आकडा नसतो. अशा वेळी १० मीटर धागा मोजून काढावा आणि दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलावा. वजन ४.५ ग्रॅम भरले, तर १०० ग्रॅममध्ये सुमारे २२२ मीटर. गिरणीतल्या १२० यार्डांच्या चाचणीचे हे घरगुती रूप आहे. दुसरी पद्धत म्हणजे दोन्ही सुते पट्टीवर शेजारी शेजारी, न ताणता, एकाला एक लागून गुंडाळायची आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचे.

‘चार प्लाय’, ‘तीन प्लाय’ या शब्दांवर विसंबू नये. प्लाय म्हणजे किती पदर पिळून धागा केला त्याची संख्या. पदर जाड असतील तर दोन प्लायचे सूतही चार प्लायहून जाड निघते. अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलने जाडीचे ० ते ७ असे गट केले आहेत. त्यात ३ क्रमांकाच्या गटासाठी, ज्याला डीके म्हणतात, दहा सेंटिमीटरला २१ ते २४ टाके आणि ४ क्रमांकाच्या वर्स्टेड गटासाठी १६ ते २० टाके सांगितले आहेत. इंटरनेटवरून घेतलेल्या नमुन्यांत हे क्रमांक वारंवार भेटतात.

सुयांच्या नंबरांत आणखी एक गोंधळ आहे. भारतात जुनी ब्रिटिश पद्धत रूढ आहे. तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, १२ नंबर म्हणजे २.७५. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी. तिथे ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची आणि १० नंबरची ६ मिलिमीटरची असते. अमेरिकी नमुन्यातली ‘८ नंबर’ सुई म्हणून दादरच्या दुकानातून ८ नंबरची सुई आणली, तर एक पूर्ण मिलिमीटर कमी पडतो. मिलिमीटरचा आकडा पाहूनच सुई घ्यावी.

लोकरीच्या जागी सुती धागा

मुंबईच्या हवेत मेंढीच्या लोकरीचा स्वेटर फार थोडे दिवस अंगावर राहतो. त्यामुळे इथे बाळाची झबली, टोपडी, उन्हाळी टॉप, शाली यांसाठी सुती धागा घेतला जातो. नमुने मात्र बहुधा थंड देशांत, खऱ्या लोकरीसाठी लिहिलेले असतात. जाडी जुळली तरी तंतूचा स्वभाव वेगळा असतो आणि त्याची दखल न घेतल्यास गेजचे गणित कपडा धुतल्यानंतर कोसळते.

मेंढीच्या लोकरीचा तंतू नागमोडी असतो. तो ताणला की लांबतो आणि सोडला की परत येतो. त्यात हवा भरलेली असते, त्यामुळे सूत फुगीर राहते. कापसाच्या तंतूला ही लवचीकता फार कमी. तो जडही असतो: कापसाच्या तंतूची घनता सुमारे १.५४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, लोकरीची १.३१ आणि अॅक्रिलिकची १.१७. म्हणून दिसायला सारख्या जाडीचे सुती सूत वजनाला भारी पडते आणि १०० ग्रॅममध्ये त्याचे मीटर कमी बसतात. लोकर आणि सुती धाग्याची तुलना करताना हे लक्षात ठेवून नुसत्या मीटरांवर न थांबता पट्टीवरचे वेढेही मोजावेत.

या जडपणाचा परिणाम अंगावर दिसतो. सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो. उंची वाढते आणि रुंदी थोडी आत येते. टेबलावर पसरलेल्या तुकड्याचे माप त्यामुळे पुरेसे होत नाही. सुती तुकडा धुवून, वाळवून, मग खालच्या कडेला कपड्यांचे दोन-तीन चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवावा आणि त्यानंतर मोजावा. अंगात घातल्यावर कापड कसे वागेल त्याचा अंदाज तिथे मिळतो.

बॉर्डरचेही तसेच. एक सुलट, एक उलट विणलेली लोकरीची बॉर्डर आपोआप आवळून बसते. सुती बॉर्डर काही वापरांनंतर पसरते. तिच्यासाठी दोन नंबर बारीक सुई घ्यावी आणि टाके थोडे कमी ठेवावेत. काही जणी बॉर्डरच्या ओळींत बारीक इलॅस्टिक धागा सोबत विणतात. बाळाच्या टोपड्याला हा उपाय करताना कपाळावर ताण येत नाही ना, हे तपासावे.

दुकानात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे सूत अॅक्रिलिक असते. ते हलके, स्वस्त आणि धुवायला सोपे. त्याला गरम इस्त्री मात्र सोसत नाही. उष्णतेने तंतू मऊ पडून चपटा होतो आणि कापड लोळागोळा होऊन कायमचे ढिले पडते. लोकरीच्या नमुन्यात ‘वाफ देऊन आकार द्या’ असे लिहिले असेल, तर अॅक्रिलिकसाठी ते वाक्य सोडून द्यावे.

तुकडा विणणे आणि आकडे बसवणे

दहा सेंटिमीटरचे गेज मोजायला दहा सेंटिमीटरचा तुकडा पुरत नाही. कडेचे टाके नेहमी वाकडे असतात आणि टाके घालण्याची व बंद करण्याची ओळ कापड आवळते. निदान १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा, भोवती चार टाक्यांची सगळ्या ओळी सुलट अशी किनार ठेवावी आणि मधल्या भागात मोजावे. तयार कपडा जसा धुणार तसाच तुकडा धुवावा. पावसाळ्यात मुंबईत सुती तुकडा वाळायला दोन दिवसही लागतात. ओलसर असताना मोजू नये, कारण पाणी प्यायलेला धागा वेगळे माप देतो. मोजताना अर्धा टाकाही सोडू नये. स्वेटर गोल सुईवर, न उलटता विणायचा असेल तर तुकडाही तसाच विणावा. पुष्कळ जणांची उलट टाक्यांची ओळ सुलट ओळीपेक्षा सैल पडते, आणि गोल विणताना सुलट-उलट विणीत ती ओळ येतच नाही.

टाके जास्त बसले तर जाड सुई, कमी बसले तर बारीक सुई. एक-दोन नंबर बदलूनही जुळले नाही, किंवा जुळले पण कापड मनासारखे राहिले नाही, तर सुताशी भांडू नये. जे कापड आवडले त्याचे गेज घेऊन नमुन्याचेच आकडे बदलावेत.

हे गणित सोपे आहे. हवी ती रुंदी गुणिले स्वतःचे गेज, भागिले दहा. ५० सेंटिमीटर रुंदी आणि दहा सेंटिमीटरला २० टाके, म्हणजे १०० टाके. नक्षी ६ टाक्यांची आणि कडेला २ टाके असतील, तर १०० त्यात बसत नाही. जवळचे आकडे ९८ (सोळा वेळा सहा, अधिक दोन) किंवा १०४. अंगाला बेतशीर हवे असेल तर ९८, सैल हवे असेल तर १०४. अमेरिकेत विणकाम शिकवणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी हीच रीत पुढे नेली. १९७१ सालच्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या गेजवरून आणि अंगाच्या मापावरून स्वेटर बेतायला वाचकांना शिकवले. छातीच्या टाक्यांची संख्या १०० टक्के धरून बाही, मनगट आणि गळा यांचे टाके त्याच्या टक्केवारीत काढायचे, ही त्यांची पद्धत. कोणतेही सूत तिच्यात बसते.

ओळींकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ‘३५ सेंटिमीटर होईपर्यंत विणा’ असे लिहिले असेल तिथे ओळींचे गेज चुकले तरी चालते. ‘५४ ओळींत टाके कमी करा’ असे असेल तिथे चालत नाही. दहा सेंटिमीटरला ३० ओळी असतील तर ५४ ओळी १८ सेंटिमीटर होतात. २६ असतील तर पावणेएकवीसच्या वर जातात. बगलेखाली जवळपास तीन सेंटिमीटर कापड लोंबते. रॅग्लन बाहीच्या स्वेटरमध्ये ही चूक हमखास होते. ओळींचे गेज सुईने हवे तसे वळवता येत नाही, म्हणून उतार किती सेंटिमीटरचा आहे ते आधी काढून, तेवढ्या उंचीत स्वतःच्या किती ओळी बसतात ते पाहावे आणि टाके कमी करण्याच्या ओळी त्यात समान वाटाव्यात.

सूत किती घ्यायचे, हेही गेजचाच तुकडा सांगतो. नमुन्यात १२० मीटरचे आठ गुंडे लागत असतील तर गरज ९६० मीटरांची आहे. नव्या सुताच्या १०० ग्रॅमच्या गुंड्यात १९० मीटर असतील, तर पाच गुंडे दहा मीटरने कमी पडतात, सहा घ्यावे लागतात. ग्रॅमची ग्रॅमशी बरोबरी केली असती तर हिशेब चुकला असता. नमुनाच स्वतःचा असेल तर तुकडा तोलावा. १५ सेंटिमीटरचा चौकोन, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर, ९ ग्रॅम भरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.०४ ग्रॅम. पुढचा-मागचा भाग आणि दोन बाह्या मिळून ९,१५० चौरस सेंटिमीटर होत असतील तर ३६६ ग्रॅम सूत लागेल. बॉर्डर आणि शिवणीसाठी दहा टक्के वाढवले की चारशे ग्रॅमच्या आसपास आकडा येतो.

पुढच्या वेळी लोकर बदलायची वेळ आली, की सगळे गुंडे एकदम घेऊ नका. एकच घ्या आणि दुकानदाराला त्याच लॉट नंबरचे बाकीचे आठवडाभर बाजूला ठेवायला सांगा, कारण दुसऱ्या लॉटचा रंग वेगळा निघू शकतो. घरी येऊन तुकडा विणा, धुवा, वाळवा, मोजा. त्याला गुंड्याची पट्टी आणि सुईचा मिलिमीटरमधला आकडा टाचून ठेवा. हिशेब बसला की परत जाऊन उरलेले गुंडे घ्या, आणि एक गुंडा जास्तच घ्या.